कर भरणारा पीटर आणि खरवडलेले चेहरे

फ्लोरेन्सला जाणारे आपले लोक उफिझी बघतात, डेव्हिड बघतात, पुलावर फोटो काढतात आणि परत येतात. आर्नो नदी ओलांडून पलीकडे सांता मारिया देल कार्मिने नावाचं चर्च आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. बाहेरून अगदी ओबडधोबड, दर्शनी भिंत कधी पुरीच झाली नाही. आत उजव्या हाताला ब्रांकाच्ची चॅपल. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम दिवाणखान्याएवढी जागा. थोडेथोडे लोक आत सोडतात आणि मोजक्या मिनिटांत बाहेर काढतात. मी तो सगळा वेळ जवळजवळ दोनच भिंतचित्रांपुढे घालवला.

पहिलं चित्र कराचं. होय, कराचं! कर वसूल करणारा येशूला अडवतो. येशू पीटरला सांगतो, पाण्यात जा, माशाच्या तोंडात नाणं मिळेल. एकाच चित्रात पीटर तीनदा दिसतो: मध्ये वैतागलेला, डावीकडे मासा पकडणारा आणि उजवीकडे पैसे मोजणारा. वसुलीवाला आपल्याकडे पाठ करून उभा. हे रंगवलं मासाच्चोनं, १४२५ च्या आसपास, विशीतल्या पोरानं. माणसांच्या सावल्या पडतात, पाय जमिनीवर टेकतात, आणि उजेड चॅपलच्या खऱ्या खिडकीतून आल्यासारखा एकाच बाजूनं येतो.

तेव्हा फ्लोरेन्स मिलानशी लढत होतं, तिजोरी रिकामी होत होती. कर कुणी किती द्यायचा, याचा अंदाज समित्या करायच्या, म्हणजे वशिला आलाच. १४२७ मध्ये ‘कातास्तो’ आला. प्रत्येक कुटुंबानं जमीन, माल, येणं, देणं, खाणारी तोंडं सगळं लिहून द्यायचं. माणशी २०० फ्लोरिनची सूट, राहतं घर माफ. काही अभ्यासक चित्राचा संबंध या वादाशी जोडतात. पण मला खरी गंमत वाटते ती त्या वह्यांची. शहरातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून त्यांत पाल्ला स्त्रोत्सी सापडतो. आणि त्यांतच मासाच्चोही आहे: आई आणि भावासोबत भाड्यानं राहणारा, चार ठिकाणी देणी असलेला. पुढच्याच वर्षी तो रोममध्ये वारला. काम अर्धंच राहिलं.

चित्रं करवून घेणारा फेलिचे ब्रांकाच्ची हा रेशमाचा व्यापारी. कैरोला वकील म्हणून जाऊन आलेला, मोठं प्रस्थ. त्यानं लग्न केलं ते याच पाल्लाच्या मुलीशी. सोयरीक उत्तम, वेळ चुकीची. १४३४ मध्ये कोसिमो मेदिची हद्दपारीतून परतला आणि विरोधकांना शहराबाहेर काढू लागला. सासरा गेला, पाठोपाठ जावईही.

आता दुसरं चित्र बघा. पीटर मेलेल्या मुलाला जिवंत करतो, भोवती बघ्यांची गर्दी. या गर्दीत ब्रांकाच्ची घराण्यातले चेहरे होते आणि ते नंतर खरवडून काढले, असं बरेच अभ्यासक मानतात. पन्नासेक वर्षांनी फिलिप्पिनो लिप्पीनं ती जागा भरली, दुसरे चेहरे घालून. शेजारीशेजारी उभ्या माणसांमध्ये दोन हात ओळखू येतात, जरा निरखून पाहिलं की.

चॅपल तरीही वाचलं. सतराव्या शतकात एका मार्कीजला इथं सगळं पाडून नव्या धर्तीचं काही करायचं होतं. नको म्हणाली व्हित्तोरिया देल्ला रोव्हेरे, म्हणजे मेदिचींचीच राजमाता! त्याच शतकात कुणीतरी अ‍ॅडम-इव्हच्या कमरेला पानं चिकटवली, ती १९८० च्या दशकातल्या सफाईत निघाली. मधे १७७१ साली चर्चला आग लागली. भिंती काळवंडल्या, पण टिकल्या.

त्या दुसऱ्या चित्राच्या अगदी उजव्या टोकाला चार माणसं उभी आहेत. त्यातला एक चित्रात न बघता सरळ आपल्याकडे बघतो. तो मासाच्चो स्वतः, असं मानतात. त्याला मात्र कुणी खरवडलं नाही.