खाटीक : राखी व नकल्या

गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातील, पण शिकारीवर जगणारे लॅनिइडी कुलातील पक्षी. टोळ, सरडे, लहान उंदीर इत्यादींना पकडून ते काट्यावर टोचतात आणि बाकदार चोचीने फाडून खातात. ‘खाटीक’ हे नाव त्यावरूनच पडले.

दख्खनमध्ये यांतील राखी व नकल्या या दोन जाती शेजारी नांदतात. दोहोंची लांबी सु. २५ सेंमी. असून डोळ्यावरून काळी पट्टी जाते. राखी खाटकाची पाठ पूर्ण करडी असते. नकल्याच्या पाठीचा खालचा भाग तांबूस व शेपटी लांब असते. राखी रुक्ष, उघडे माळ पसंत करतो. नकल्या शेताच्या कडेला व बागांतही वावरतो आणि इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करतो.

कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये चीनमधील पक्ष्यावरून नकल्याला ‘शाख’ हे त्याच्या कर्कश आवाजाचे निदर्शक नाव दिले. त्याच वर्षी युरोपातील करड्या खाटकाला त्यांनी ‘एक्सक्यूबिटॉर’ म्हणजे पहारेकरी म्हटले. कारण त्यांच्या मते हा पक्षी येणाऱ्या शिकारी पक्ष्यांवर नजर ठेवून लहान पक्ष्यांना त्यांची सूचना देतो. दख्खनच्या राखी खाटकाचे वर्णन १८३२ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने केले व ‘लाहटोरा’ हे देशी नाव देऊन त्याला स्वतंत्र जाती मानले.

राखी व नकल्या एकत्र राहूनही वेगळे राहतात. म्हणून त्यांच्या वेगळेपणाविषयी वाद झाला नाही. लाहटोरा व युरोपीय पहारेकरी यांची घरे मात्र एकमेकांपासून दूर. तेथे निर्णय अभ्यासकांच्या मतावर अवलंबून राहिला. सालिम अली व रिप्ली यांनी लाहटोराला एक्सक्यूबिटॉरची उपजाती मानले. पुढे काही काळ तो दक्षिणी करड्या खाटकात गणला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने ही मांडणी डळमळली आणि अनेक सूचींत तो पुन्हा एक्सक्यूबिटॉरमध्ये आला.

हा प्रश्न केवळ नावाचा नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२३ च्या अहवालात राखी खाटकाची दीर्घकालीन घट ८० टक्क्यांहून अधिक दाखविली आहे. त्याचा माळ ‘पडीक’ ठरून नांगराखाली व वृक्षलागवडीखाली जात आहे. युरोपापर्यंत पसरलेल्या जातीचा केवळ एक भाग म्हणून त्याची गणना झाली, तर एकूण आकड्यांत दख्खनमधील ऱ्हास झाकला जाण्याचा धोका असतो.