कणभर मागणे

फ्रान्समध्ये वाढलेली माझी भाची गेल्या उन्हाळ्यात मंद्रूपला आली. आल्या आल्या माझ्या आईला म्हणाली, "आजी, कृपया मला पाणी द्या." आईने पाणी दिले आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारले, "पोरगी रागावली का रं माझ्यावर?"

पोरीचा दोष नव्हता. फ्रेंच घरात आईकडे पाणी मागतानाही 'सिल त प्ले' म्हणतात. शब्दशः अर्थ, 'तुला रुचत असेल तर'. मूल ते विसरले की मोठी माणसे टोकतात. तिने त्याला मराठी शब्द शोधला, मिळाला 'कृपया'.

मग मराठीत आर्जव असते कुठे? कागदावर तर रग्गड आहे. जुनी मोडी पत्रे पाहावीत: धन्याला 'विज्ञापना', बरोबरीच्याला 'विनंती', हाताखालच्याला 'आज्ञा', आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे'. मजकुराआधीच कोण कोणापुढे वाकतो ते कळते. 'कृपया' मला याच घराण्यातला वाटतो. संस्कृत तृतीया, अर्थ 'कृपेने'. मागणारा खाली, देणारा वर. अर्जात, फलकावर तो शोभतो. आजीकडच्या पाण्यावर मात्र नातीचा हक्क असतो, तिथे कृपा कसली?

तोंडच्या मराठीत माणूस लहान होत नाही, मागणी लहान होते. 'जरा पाणी दे.' 'तेवढं दार लाव.' हा 'जरा' मूळ अरबी 'जर्रा', म्हणजे कण. फारसीतून आपल्याकडे आला. शिवकाळात 'राजव्यवहारकोशा'ने दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण चुलीपाशी बसलेल्या या कणाला कोण उठवणार? हवे असते तांब्याभर, मागायचे कणभर.

आमचे गाव सोलापूर-विजापूर रस्त्यावर, भीमेच्या अलीकडे. एकेकाळी हा आदिलशाही मुलूख. आजही एकाच दुकानात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. कन्नड बोलणारे गिऱ्हाईक म्हणते, 'स्वल्प नीर कोड्री.' 'स्वल्प' म्हणजे थोडे, आणि शेवटची 'री' आदराची. शेजारचा मराठीत म्हणतो, 'द्या की जरा.' त्या 'की'ने हुकमाची लाडीगोडी होते. एकाचा शब्द संस्कृतातून, दुसऱ्याचा अरबीतून, काम तेच. फ्रेंच माणूसही 'छोटीशी कॉफी' मागतो, तेव्हा तो नेहमी कपाचे माप सांगत नसतो.

हे सगळे मी भाचीला सांगितले, थोडे जास्तच सांगितले. तिने लक्षात ठेवले एवढेच: निघायच्या दिवशी ती चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "आजी, जरा लोणचं दे की."

आईने अख्खी बरणी बांधून दिली. विमानतळावर बॅगेचे वजन जास्त भरले.