मुळशीचे पाणी आणि घरातला चार्जर

मुळशीचे धरण म्हणजे एक मोठा विद्युतघटच, असे वर्गात सांगितले तर मुले हसतील. पण आपण थोडा विचार करून पाहू.

मुळा नदीचे पाणी येथे अडवले, घाटाखाली भिऱ्याला सोडले आणि १९२७ पासून त्यावर मुंबईसाठी वीज तयार होऊ लागली. त्यासाठी मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांची भातखाचरे बुडाली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला. धरण मात्र झालेच. पुढे भिऱ्याला १५० मेगावॅटचा एक संच असा बसवला, की विजेची मागणी कमी असताना तो पाणी पुन्हा वर चढवतो. हे झाले घट 'भरणे'. यात खर्च होणारी वीज परत मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते.

घरातल्या घटाचेही तसेच. पुन्हा भरता येणारा शिशाचा घट फ्रान्समध्ये प्लांते यांनी १८५९ साली बनवला. निकेल-कॅडमियमचा घट स्वीडनच्या युंगनर यांनी १८९९ साली. आज घरोघरी निकेल-मेटल हायड्राइडचे घट असतात. २००० मिलिअँपिअर-तासांचा असा घट २०० मिलिअँपिअरने भरायला १० नव्हे, सुमारे १४ ते १६ तास लागतात. जादा ऊर्जा उष्णता होऊन जाते. घट भरल्यावरही जोराचा प्रवाह चालू राहिला तर तो तापून बिघडतो. म्हणून प्रत्येक घटावर स्वतंत्र लक्ष ठेवणारा, घट भरताच थांबणारा चार्जर निवडावा. एकदाच वापरायचे साधे घट त्यात घालू नयेत.

विजेची किंमत मुळशीकरांनी जमिनीने मोजली. ती चार्जरमध्ये तापून वाया जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.