बोटाचे दुखणे आणि हाताचा नकाशा

बोटात काटा रुतला, सुई टोचली, मासळी साफ करताना हाड लागले, तर आपण करतो काय? बोट क्षणभर दाबून धरतो आणि पुन्हा कामाला लागतो. दोन दिवसांनी ते ठणकू लागले, की कोणी लिंबू कापून बोटावर बसवते, कोणी पोटीस बांधते. नखुरडे काय, घरोघरचेच! पण श्रोतेहो, असल्याच क्षुल्लक जखमेने एके काळी धडधाकट माणसे दगावत. जी वाचत, त्यांचा हात पुष्कळदा कायमचा निकामी होई.

सन १८४७ मधली गोष्ट. व्हिएन्ना येथे याकोब कोलेच्का नावाचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक होते. शवविच्छेदन शिकवीत असता एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली. जखम ती केवढीशी! पण थोड्याच दिवसांत तिचे विष अंगभर भिनले आणि ते गेले. त्यांचे मित्र डॉक्टर सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवतपासणीचा अहवाल वाचला. बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जे आढळे, तेच त्यात लिहिलेले! त्याच वर्षी त्यांनी प्रसूतिगृहात क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घालून दिला. एका बोटाच्या जखमेने बाळंतिणींना वाचवण्याची वाट दाखवली. पण चिघळलेल्या बोटाचे काय करावे, हा प्रश्न तसाच राहिला.

शल्यवैद्य नस्तर लावीत नसत, असे नव्हे. ते नेमके कोठे लावावे, हेच उमगत नव्हते. आपल्या तळहाताची कातडी जाड नि आतून घट्ट बांधलेली असते. हाताच्या पाठीवरची मात्र सैल असते. त्यामुळे पू साचतो तळहातात आणि सूज चढते पाठीवर. सूज दिसेल तेथे चीर द्यावी, तर पूचा पत्ताच नाही! तो आपला आतल्या आत वाट काढीत राही.

ही आतली वाट शोधली अमेरिकेतील शिकागोच्या डॉ. ॲलन कॅनव्हेल यांनी. मृत माणसांच्या हातांत द्राव सोडून तो कोठून कोठे जातो, याचा त्यांनी चिकाटीने माग काढला. १९०५ मध्ये त्यांनी हे संशोधन मांडले आणि १९१२ मध्ये हाताच्या जंतुसंसर्गावर एक ग्रंथच लिहिला. त्यात जणू हाताचा नकाशाच आहे.

बोट वाकवणाऱ्या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. तलवार जशी म्यानात, तशी बोटातली कंडरा एका आवरणात असते. तर्जनी, मधले बोट नि अनामिका यांची म्याने बहुधा बोटाच्या मुळाशी संपतात. करंगळीचे आणि अंगठ्याचे म्यान मात्र सहसा थेट मनगटापर्यंत जाते आणि तेथे दोन्ही पुष्कळदा एकमेकांना मिळतात. म्हणून टोचते करंगळीला आणि ठणकू लागतो अंगठा! मधली तीन बोटे सोडून पू घोड्याच्या नालासारखा फिरतो. याखेरीज तळहातात खोलवर दोन पोकळ्या आहेत, त्या निराळ्याच.

म्यानात पू झाल्याच्या चार खुणा कॅनव्हेल यांच्या नावाने ओळखल्या जातात. बोट किंचित वाकून राहते. सारे बोट एकसारखे सुजते. म्यानाच्या वाटेवर दाबले की दुखते. आणि बोट सरळ करू गेले की रोगी कळवळतो. चीर कोठे द्यावी, हेही त्यांनी सांगितले. बोटाच्या बरोबर मध्यावर नको, कडेने द्यावी. नाहीतर व्रण आखडून बोट वाकडेच राहायचे.

पुढे औषधे आली. १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांच्या लहान मुलीच्या हातात सुई घुसली आणि हात चिघळला. पुन्हा पुन्हा नस्तर लावूनही गुण येईना. हात कापण्याची पाळी आली. तेव्हा बापाने स्वतःच शोधलेले प्रॉन्टोसिल तिला दिले आणि मुलीचा हात बचावला. मग १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन सर्वत्र पोहोचले, आणि बोटाच्या दुखण्याने मरण येणे विरळ झाले.

मग नकाशाचे काम संपले का? मुळीच नाही. म्यान बंदिस्त. आत पू साचला, की दाबाने कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो. आणि जेथे रक्त पोहोचत नाही, तेथे औषध तरी कसे पोहोचावे? कंडरा एकदा मेली, की बोटाची काठी झाली म्हणून समजा. लवकर आलेल्या रोग्याला कधी नुसत्या औषधाने उतार पडतो. पण पू कोंडला असेल, तर वाट करून द्यावीच लागते. म्हणून त्या चार खुणा आजही विद्यार्थ्यांना शिकवल्या जातात.

शिंप्याचे, सुताराचे, कोळणीचे पोट हातावर असते. तेव्हा बोट सबंध सुजले, वाकून राहिले, सरळ करवेना, तर लिंबू बाजूला ठेवावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. येथे एका रात्रीच्या हयगयीने जन्माचा हात जाऊ शकतो.