स्टार्टअप बंद पडला? तो नीट बंद कसा करायचा आणि पुढे कसं जायचं

ॲप कसं बनवायचं, कंपनी कशी रजिस्टर करायची, फंडिंग कसं मिळवायचं, यावर आता मराठीतही भरपूर माहिती मिळते. पण धंदा चाललाच नाही तर पुढे काय करायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. आज आपण तेच पाहणार आहोत. हे मी स्वतः केलंय, आणि आधी चुकीच्या पद्धतीने केलंय. त्यामुळे कुठे पाय घसरतो ते नीट माहीत आहे.

आमचं ॲप का चाललं नाही?

मी उरण तालुक्यातला. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, आणि आमच्याकडे घराघरात कोणी ना कोणी बंदराच्या कामात आहे. कोणाचा ट्रेलर आहे, कोणी सीएफएसमध्ये, कोणी क्लिअरिंग एजंटकडे. इंजिनिअरिंग आणि दोन वर्षं नोकरी झाल्यावर मी आणि दोन मित्रांनी ट्रेलर मालकांसाठी ॲप काढलं. कंटेनर नंबर टाका, कंटेनर कुठे आहे ते पाहा. महिन्याला २९९ रुपये, यूपीआय ऑटोपेवर.

कोडमध्ये काही खोट नव्हती. पण लॉजिस्टिक्स डेटा बँक, म्हणजे एलडीबी, ही सरकारी सेवा २०१६ पासून याच बंदरात सुरू झालेली होती. त्यात कंटेनरला आरएफआयडी टॅग लावतात, वाटेत ठिकठिकाणी बसवलेले रीडर तो टॅग वाचतात आणि वेबसाइटवर कंटेनर नंबर टाकला की तो शेवटी कुठे दिसला ते कळतं. आम्ही जवळपास तीच माहिती सुंदर नकाशावर दाखवून विकत होतो.

ट्रेलर मालकाचा प्रश्न वेगळाच होता. रिकामा कंटेनर आज कुठल्या यार्डात परत द्यायचा? तिथे रांग किती आहे? गाडी आत घेतील की परत पाठवतील? हे ड्रायव्हर एकमेकांना व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत होते आणि तिथेच उत्तरही मिळवत होते. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. १४ महिन्यांत पैसे संपले.

माझी खरी चूक

इथपर्यंत जे झालं ते कोणाचंही होऊ शकतं. त्यानंतर मी जे केलं ते चुकीचं होतं. एका रात्री सर्व्हर बंद केला, ग्राहकांच्या ग्रुपमधून बाहेर पडलो, फोन सायलेंटवर टाकला आणि नोकरी शोधायला लागलो. कोणाला काही कळवलं नाही.

दोन महिन्यांनी बाबांचे एक मित्र घरी आले. चार ट्रेलरचे मालक, आमचे अगदी पहिले ग्राहक. त्यांनी मोबाइल पुढे केला. "अरे बाळा, ॲप उघडत नाही. पण २९९ रुपये मात्र दर महिन्याला कापले जातायत. हे बंद कसं करायचं ते सांगतोस का?"

ते रागावले नव्हते. बाबा शेजारीच बसले होते, ते काही बोलले नाहीत. सर्व्हर बंद केला म्हणून ऑटोपे बंद होत नाही, ते पेमेंट गेटवेवर वेगळं चालू असतं, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ४१ जणांचे पैसे कापले जात होते आणि ज्या करंट अकाउंटकडे आम्ही कोणी बघतही नव्हतो तिथे जमा होत होते. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाला फोन करून पैसे परत केले. त्या ४१ फोनमध्ये धंदा बुडाल्याबद्दल मला कोणी बोललं नाही. "सांगायचं तरी होतंस" हे मात्र बऱ्याच जणांनी ऐकवलं.

धंदा बंद करणं हेसुद्धा एक काम आहे. ते अर्धवट सोडलं तर आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचं काहीतरी आत अडकून राहतं.

दोन कंपन्या, दोन पद्धती

हानजिन शिपिंग ही दक्षिण कोरियाची, जगातल्या मोठ्या कंटेनर कंपन्यांपैकी एक. ३१ ऑगस्ट २०१६ ला तिने कर्जामुळे कोर्टात धाव घेतली. आपले पैसे मिळणार नाहीत या भीतीने अनेक बंदरांनी तिची जहाजं आत घ्यायला नकार दिला. जहाजं समुद्रातच थांबली आणि ज्यांचा या कर्जाशी काहीही संबंध नव्हता अशा व्यापाऱ्यांचा माल त्यात अडकला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोर जाहीर झाली.

दुसरं उदाहरण ग्लिच या ऑनलाइन गेमचं. तो चालला नाही म्हणून स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि त्यांच्या टीमने डिसेंबर २०१२ मध्ये बंद केला. पण बंद होण्याआधी खेळाडूंना कळवलं, त्यांचे पैसे परत केले आणि टीममधल्या लोकांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून खटपट केली. पुढच्या वर्षी गेममधली चित्रंसुद्धा सगळ्यांना वापरायला मोकळी केली. गेम बनवताना टीमने आपापसात बोलण्यासाठी एक चॅट टूल तयार केलं होतं. त्यातूनच पुढे स्लॅक उभं राहिलं.

प्रत्येक फसलेल्या ॲपमधून स्लॅक निघत नाही. पण व्यवस्थित बंद करणाऱ्याकडे माणसं आणि त्यांचा विश्वास शिल्लक राहतो.

आता बंद करण्याची प्रक्रिया क्रमाने पाहू.

पायरी १: ग्राहक आणि पैसे

• बंद होण्याची तारीख ठरवा आणि किमान ३० दिवस आधी सगळ्यांना कळवा. मेसेज साधा ठेवा: कधी बंद होणार, पैसे कसे परत मिळणार, डेटा कसा घ्यायचा.
• पेमेंट गेटवेवर जाऊन सगळी सबस्क्रिप्शन आणि ऑटोपे मँडेट रद्द करा. हे सर्व्हर बंद करण्याच्या आधी करायचं.
• आगाऊ घेतलेल्या पैशांतला उरलेला भाग परत करा.
• बँकेचं करंट अकाउंट लगेच बंद करू नका. रिफंड आणि कराचे व्यवहार त्यातूनच होणार असतात.

पायरी २: ॲप आणि लोकांचा डेटा

प्ले स्टोअरवर ॲप अनपब्लिश केलं की नवीन लोकांना ते मिळत नाही, पण ज्यांच्या फोनमध्ये आहे तिथून ते आपोआप जात नाही. म्हणून "सेवा बंद झाली आहे" असं सांगणारं एक शेवटचं अपडेट आधी द्या आणि मग अनपब्लिश करा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्व असं आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची. कायद्याने ठेवावीच लागते ती माहिती याला अपवाद. कंपनीची हिशोबाची पुस्तकं ८ वर्षं जपून ठेवावी लागतात. ग्राहकांचे फोन नंबर दुसऱ्या कोणाला विकायचा विचारही नको.

पायरी ३: सर्व्हर, डोमेन, ईमेल

क्लाउडवर मशीन फक्त "स्टॉप" केलं म्हणजे बिल शून्य होत नाही. एडब्ल्यूएसवर थांबवलेल्या मशीनच्या डिस्कचे, स्नॅपशॉटचे आणि राखून ठेवलेल्या आयपीचे पैसे चालूच राहतात. बॅकअप उतरवून घ्या, सगळं डिलीट करा आणि मग अकाउंट बंद करा.

डोमेनची घाई मात्र अजिबात करू नका. जानेवारी २०२५ मध्ये ट्रफल सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकाने दाखवून दिलं की बंद पडलेल्या स्टार्टअपचं डोमेन विकत घेऊन, त्यावर कर्मचाऱ्यांचे जुने ईमेल पत्ते पुन्हा तयार करता येतात. मग "साइन इन विथ गूगल" वापरून त्या कंपनीच्या जुन्या चॅटमध्ये किंवा एचआर सॉफ्टवेअरमध्ये शिरता येतं. तिथे पगाराची माहितीही असू शकते. म्हणून आधी त्या डोमेनच्या ईमेलने उघडलेली सगळी अकाउंट बंद करा, बँक आणि जीएसटी पोर्टलवरचा ईमेल बदला आणि डोमेन आणखी काही वर्षं रिन्यू करत राहा. वर्षाला हजारभर रुपयांचा खर्च आहे, पण तो वाचवू नका.

पायरी ४: जीएसटी आणि प्रोफेशनल टॅक्स

• धंदा थांबला तरी जीएसटी नोंदणी चालू असेपर्यंत रिटर्न भरावंच लागतं. शून्य व्यवहाराच्या जीएसटीआर-३बीलासुद्धा दिवसाला २० रुपये लेट फी आहे.
• नोंदणी रद्द करायला आरईजी-१६ फॉर्म भरायचा.
• नोंदणी रद्द झाल्यावर ३ महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरायचं. हे बरेच जण विसरतात.
• महाराष्ट्रात पीटीईसी नोंदणी असेल तर तीही रद्द करा, नाहीतर वर्षाला २,५०० रुपयांची मागणी येत राहते.

पायरी ५: कंपनी

एकट्याचा, प्रोप्रायटरशिपचा धंदा असेल तर कायद्याच्या नजरेत धंदा आणि तुम्ही एकच. नोंदण्या रद्द केल्या की काम झालं, पण देणी तुमच्या अंगावर राहतात.

प्रायव्हेट लिमिटेडचं तसं नाही. कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढायला एसटीके-२ फॉर्म भरतात. त्याची फी १०,००० रुपये. मे २०२३ पासून हे अर्ज सी-पेस या केंद्राकडे जातात. त्यासाठी सगळी देणी फिटलेली हवीत आणि ७५ टक्के भागभांडवल असलेल्या भागधारकांची संमती किंवा विशेष ठराव हवा. शिवाय, चालू झालेला धंदा थांबून साधारण २ आर्थिक वर्षं झालेली असावी लागतात.

या दोन वर्षांतही वार्षिक फॉर्म भरावे लागतात. एओसी-४ आणि एमजीटी-७ (छोट्या कंपनीला ७ए) यांना उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये लागतात. दोन्ही १०० दिवस उशिरा भरले तर २०,००० रुपये गेले. सलग ३ वर्षं भरलेच नाहीत तर डायरेक्टर ५ वर्षांसाठी अपात्र ठरतो, म्हणजे दुसरा धंदा काढायची वाटच बंद. एलएलपी असेल तर फॉर्म २४ असतो आणि त्यासाठी धंदा थांबून १ वर्ष झालेलं असावं लागतं.

हे सगळं सीए किंवा सीएसकडून करून घ्या. फीचे पैसे बाजूला काढा, शेवटचा रुपया जाहिरातीवर उडवू नका.

पायरी ६: कर्ज, सिबिल आणि तोटा

कंपनीचं कर्ज कंपनीचं असतं, पण तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल तर बँक तुमच्याकडे येणार. फोन टाळू नका, स्वतःहून जाऊन हप्ते बदलून मागा. कमी रकमेत तडजोड झाली तर क्रेडिट रिपोर्टवर "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" असं लागतं, आणि पुढचं कर्ज घेताना ते अडतं. पूर्ण फेडणं शक्य असेल तर तेच करा आणि नो ड्यूज पत्र घ्या. वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत मिळतो, तो तपासा.

प्रोप्रायटरशिपमध्ये झालेला धंद्यातला तोटा ८ वर्षं पुढे नेऊन धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. अट एकच: त्या वर्षाचं रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. पगारातून मात्र तो वजा होत नाही.

पुढे कसं जायचं?

१. एक पान लिहा. काय गृहीत धरलं होतं, खरं काय निघालं, ते कधी कळलं आणि कळूनही किती दिवस ओढलं. माझ्या पानावर पहिलीच ओळ आहे: "यार्डाच्या रांगेत एकही दिवस उभा राहिलो नाही."

२. नोकरी करायला लाजू नका. मी इंटरव्ह्यूत सगळं खरं सांगितलं. त्यांनी सगळ्यात जास्त वेळ पेमेंटच्या चुकीबद्दल आणि ती कशी निस्तरली याबद्दलच विचारलं.

३. घरच्यांना आकडे सांगा. "चाललंय" म्हणण्यापेक्षा "इतके गेले, इतके द्यायचेत, इतक्या महिन्यांत फेडतो" हे त्यांना जास्त धीर देतं. माझ्या घरी तरी तसंच झालं.

४. झोप लागत नसेल, सतत नको ते विचार येत असतील तर एकटे राहू नका. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कंपनी बंद केल्यावर दुसरी काढता येते का? हो. तुम्ही डायरेक्टर म्हणून अपात्र ठरलेले नसाल तर काहीच अडचण नाही.

बंद करण्याऐवजी तशीच ठेवली तर? कायद्यात डॉर्मंट म्हणजे निष्क्रिय कंपनीचा दर्जा आहे, त्यासाठी एमएससी-१ फॉर्म असतो. पण त्यासाठीही दरवर्षी थोडी कागदपत्रं लागतात. काहीच न करता सोडून देणं सगळ्यात महाग पडतं.

बंद करायची वेळ आलीय हे कसं ओळखायचं? रिफंड, देणी आणि बंद करण्याचा खर्च यांची बेरीज करा. बँकेतली शिल्लक त्या आकड्याजवळ आली की थांबा. त्याखाली गेल्यावर तुम्ही दुसऱ्यांच्या पैशांवर धंदा चालवत असता.

मी सध्या नोकरी करतो. काही शनिवारी सकाळी रिकाम्या कंटेनरच्या यार्डाबाहेर रांगेत जाऊन बसतो, ड्रायव्हर लोकांशी बोलतो आणि वहीत लिहून घेतो. कोडची एक ओळही अजून लिहिलेली नाही. पहिल्या दिवशी मला ट्रेलरच्या केबिनमध्ये बसवून घेऊन गेले ते बाबांचे तेच मित्र. त्यांच्या फोनमध्ये आमचं जुनं ॲप अजून होतं. ते मी तिथेच, त्यांच्यासमोर डिलीट केलं.