देवळालीचा ताप : शिपायांच्या बोलींतील कांहीं शब्द

लढायांचा इतिहास आपण वाचतों, तेव्हां त्यांत सेनापतींचीं नांवें, तोफांची संख्या आणि तहांचीं कलमें आढळतात. परंतु ज्या शिपायांच्या खांद्यांवर या साऱ्याचा भार होता, त्यांच्या मनांत काय चाललें होतें, याचा थांग त्या कागदांतून क्वचितच लागतो. तो लावण्याचें एक साधन म्हणजे शिपायांची आपसांतील बोली. वरिष्ठांसमोर जें बोलतां येत नसे, तें शिपायानें एखाद्या थट्टेच्या शब्दांत लपवून ठेविलें. अशा कांहीं शब्दांचा मागोवा आज घ्यावयाचा आहे. त्यांतील पहिला शब्द तर आपल्या नाशिक जिल्ह्यांतलाच आहे.

इंग्रजी बोलींत डोकें फिरलेल्या मनुष्यास ‘डूलॅली’ म्हणतात. लंडनच्या रस्त्यांत हा शब्द सहज उच्चारणाऱ्या माणसास तें एका गांवाचें नांव आहे, याची बहुधा कल्पनाही नसते. तें गांव म्हणजे आपली देवळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रज सरकारनें तेथें लष्करी छावणी वसविली. जागा घाटमाथ्यावरची, हवा बरी, आणि मुंबई बंदराशीं लोहमार्गानें जोडलेली. विलायतेहून आलेले गोरे शिपाई प्रथम येथें येत, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत येथेंच राहत.

पण सैन्य वाहून नेणारीं जहाजें बारा महिने चालत नसत. पावसाळा सरल्यावर तीं सुरू होत आणि उन्हाळा कडक होण्यापूर्वीं बंद पडत. ज्याची मुदत शेवटचें जहाज सुटल्यावर संपे, त्याला महिनेच्या महिने तिष्ठत बसावें लागे. नोकरी संपलेली, हत्यारें काढून घेतलेलीं, हाताला काम नाहीं आणि घर हजारों मैल दूर! १९०२ नंतर कांहीं वर्षें हिंदुस्थानांत साधा शिपाई म्हणून राहिलेला फ्रँक रिचर्ड्स यानें ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ सालच्या आठवणींच्या पुस्तकांत या दिवसांविषयीं लिहिलें आहे. सारी नोकरी निष्कलंक केलेले शिपाई या रिकामपणांत बिघडत आणि घरीं जाण्याऐवजीं तुरुंगांत जात, असें तो सांगतो. कोणी विचित्र वागूं लागला कीं सोबती म्हणत, ‘याला डूलॅली टॅप झाला!’ यांतील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. देवळालीचा ताप! हा ताप नाडी पाहून कळणारा नव्हता. तो वाट पाहण्याचा ताप होता. मनाच्या दुखण्यास नांव देण्याची सोय शिपायापाशीं नव्हती, म्हणून त्यानें त्याला गांवाचें नांव दिलें आणि वर हंसून घेतलें.

आतां दुसरा शब्द पाहूं. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत फ्रान्सच्या खंदकांतला इंग्रज शिपाई आपल्या मायदेशास ‘ब्लायटी’ म्हणे. हा शब्द ‘विलायती’ किंवा ‘बिलायती’ याचेंच इंग्रजी जिभेवर झालेलें रूप होय. मूळ अरबी शब्दाचा अर्थ अंमल किंवा प्रांत असा आहे. तो फारसींतून हिंदुस्थानांत आला, आणि येथें त्यास परमुलूख असा अर्थ चिकटला. अमेरिकेंतून आलेल्या झाडास आपण ‘विलायती चिंच’ म्हणतों, तें याच अर्थानें. पहा, काय चमत्कार आहे! आपण ज्या शब्दानें त्यांचा परकेपणा दाखविला, तोच शब्द त्यांनीं घराच्या ओढीसाठीं उचलला. खंदकांत तर या शब्दाला आणखी एक अर्थ आला. जीव जाणार नाहीं, पण मायदेशीं धाडावेंच लागेल, अशा बेताच्या जखमेस ‘ब्लायटी’ म्हणत, आणि ती व्हावी अशी इच्छा करीत. गोळी लागावी असें मनुष्यास वाटूं लागतें, तेव्हां युद्ध म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं.

असे शब्द आणखीही आहेत. ‘खुश’ वरून सुखाच्या कामास ‘कुशी’, ‘बक्षीस’ वरून फुकटच्या वस्तूस ‘बक्शी’, ‘देखो’ वरून नजर टाकण्यास ‘डेको’ आणि ‘रोटी’ वरून ‘रूटी’. दीर्घ व सचोटीच्या नोकरीबद्दल मिळणाऱ्या पदकास तर शिपाई ‘रूटीचें पदक’ म्हणत. इतकीं वर्षें सरकारची रोटी खाल्ली, त्याचेंच हें बक्षीस, असा त्यांतला टोमणा.

मात्र या प्रांतांत सावधपणें चाललें पाहिजे. ‘पॉश’ हा शब्द हिंदुस्थानच्या जहाजांवरील जातां-येतांच्या सावलीच्या खोल्यांच्या आद्याक्षरांवरून बनला, अशी गोष्ट फार प्रसिद्ध आहे. पण तिला त्या काळच्या कागदपत्रांचा आधार सांपडलेला नाहीं. गोष्ट गोड आहे म्हणून ती खरी ठरत नाहीं. उच्चार, काळ आणि स्थळ हीं तिन्हीं जुळावीं लागतात.

आपल्या मराठींतही छावणीचे शब्द घराघरांत आहेत. खऱ्या कामास निरुपयोगी जमावास आपण ‘बाजारबुणगे’ म्हणतों. ते मूळचे फौजेमागें चालणारे बिनलढाऊ लोक. कोणत्याही रेटारेटीस ‘भाऊगर्दी’ म्हणतांना १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या सैन्यांत उडालेला हाहाकार आपल्या डोळ्यांपुढें येत नाहीं. आणि ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणें’ म्हणजे लोकांसाठीं फुकट राबणें. तरवारीचें कौतुक करणारे पुष्कळ झाले. पण चुलीपुढच्या माणसाची तक्रार फक्त या वाक्प्रचारानें जपली आहे.

फाळणीच्या आधींच तोफखान्याची शाळा काकूलहून देवळालीस आली, आणि ती आजही तेथें आहे. परतीच्या जहाजाची वाट पाहणारे गोरे शिपाई मात्र केव्हांच गेले. त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. त्यांच्या कंटाळ्याचा शब्द तेवढा उरला आहे. श्रोतेहो, आपल्याही घरीं, आपल्याही गांवीं पलटणींत राहून आलेले वृद्ध असतील. त्यांनीं पाहिलेल्या लढाया त्यांना अवश्य विचारा. पण त्यांच्या तोंडचे शब्दही टिपून ठेवा. जो इतिहास कागदावर चढला नाहीं, तो पुष्कळदां तेथेंच लपलेला असतो.