वऱ्हाडातला अर्धा र आणि प्रोग्रामिंग भाषांचा सोर्स कोड

‘वऱ्हाड’ हे प्रदेशाचे नाव संगणकाच्या पडद्यावर बिनचूक उमटू लागले त्यामागे सुमारे चार दशकांचा इतिहास आहे, आणि त्याचे दस्तऐवज प्रोग्रामिंग भाषांच्या लायब्रऱ्यांमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला आयत्या मिळणाऱ्या कोडच्या संग्रहांमध्ये, विखुरलेले आहेत. या नावातील अर्धा र रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर चढत नाही, तर आडव्या पापणीसारखा त्याच्या आधी बसतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग हा भेद मराठीत याच खुणेवर टिकून आहे. हिंदीला तिची गरज नसल्यामुळे हिंदी समोर ठेवून घडवलेल्या साधनांत ती सहज राहून जात असे.

भारतीय लिप्यांसाठी संकेतांक, म्हणजे अक्षरचिन्हांचे संगणकीय क्रमांक, ठरवण्याचे काम १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत जिस्ट या तंत्रज्ञानाच्या रूपाने आकाराला आले, पुढे ते १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे गेले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने इस्की ही प्रणाली मानक म्हणून स्वीकारली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचा वर्णक्रम समान असल्याने सर्वांना एकच तक्ता पुरेल, ही तिच्यामागची कल्पना होती. या तक्त्यात दाक्षिणात्य भाषांतील कठोर र साठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर होते, आणि त्याचा पाय मोडला की मराठीचा पापणीसारखा र उमटावा, असा नियम करण्यात आला. सोय म्हणून ही युक्ती उत्तम होती. पण तिच्यामुळे ‘वऱ्हाड’मधील र, जो मुळात साधाच र आहे, संगणकाच्या लेखी निराळे अक्षर ठरला.

१९९१ सालच्या युनिकोडने देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतला. मात्र १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह अशा क्रमानेही तीच पापणी काढता येत होती, आणि पुढच्या आवृत्त्यांनी इस्कीची रीत मान्य करताना ही रीतही जुन्या मजकुरासाठी कायम ठेवली. याशिवाय ‘ऱ’ची र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशी फोड मान्य असल्याने एका ‘वऱ्हाड’ची तीन लेखने झाली: एक सहा संकेतांकांचे आणि दोन सात-सात संकेतांकांची. पहिले आणि नुक्त्याचे लेखन सामान्यीकरणाने, म्हणजे समान क्रमांना एका ठरीव रूपात आणणाऱ्या प्रक्रियेने, एक होते. जोडचिन्हाचे लेखन मात्र वेगळेच राहते.

संकेतांक ठरले तरी मजकुराची लांबी कशी मोजायची, हा प्रश्न उरलाच होता, आणि त्याचे उत्तर प्रत्येक भाषेने आपापल्या परीने दिले. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही पद्धत रचली, जिच्यात देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो. पुढे याच दोघांचा सहभाग असलेल्या गो भाषेत वऱ्हाडातल्याच ‘नांदगाव खंडेश्वर’ या गावाच्या नावाची लांबी विचारली तर ४६ हे उत्तर येते, कारण ती भाषा बाइट मोजते. पायथन ३ संकेतांक मोजते आणि १६ सांगते. वाचकाला जाणवणारी अक्षरे मोजायची तर युनिकोडच्या अक्षरविभाजनाच्या पूर्वीच्या नियमांनी दहा एकके होत, कारण ‘श्व’चे ‘श्’ आणि ‘व’ असे दोन तुकडे पडत असत. २०२३च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला, तेव्हा ही संख्या जागेसह नऊ झाली. खंडेश्वराच्या मंदिरावरून गावाच्या नावाला जोडला गेलेला हा शब्द लिहिताना कोणत्याही शाळकरी मुलाला ‘श्व’ एकच वाटतो. युनिकोडच्या नियमांना ते मान्य करण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

अक्षर पडद्यावर काढण्याचे काम आणखी वेगळ्या कोडचे असते. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड ज्या हार्फबझ लायब्ररीवर विसंबतात, तिच्या भारतीय लिप्यांसाठीच्या फाइलीत ज्यांची फोड करू नये अशा मोजक्या अक्षरांची यादी आहे, आणि तिच्या आरंभीच ०९३१ हा संकेतांक, म्हणजे आपला ‘ऱ’, नोंदवलेला आहे. नियमाप्रमाणे त्याची फोड झाली असती, तर फॉन्टमध्ये त्याच्यासाठी ठेवलेले अर्धे रूप हाती लागण्याची खात्री राहिली नसती. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावाच्या नवव्या आवृत्तीने अक्षरजुळणीसाठी हार्फबझच स्वीकारली, त्यामुळे ही ओळ जावाच्याही सोर्स कोडचा भाग बनली.

वर्णक्रम लावणारी आयसीयू ही लायब्ररी मात्र ‘वऱ्हाड’च्या आधी सांगितलेल्या तिन्ही लेखनांचा मेळ घालू शकते, कारण जोडचिन्ह तिच्या लेखी नगण्य असते आणि नुक्त्याचा फरक दुय्यम. तेव्हा तुलना केवळ प्राथमिक पातळीवर करण्यास सांगितले, तर तिन्ही ‘वऱ्हाड’ एकच ठरतात, आणि दोन कार्यालयांनी वेगवेगळ्या कळफलकांवर भरलेल्या याद्या जुळवता येतात. मात्र त्याच पातळीवर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्दही तिला एकच वाटतात.